शुक्रवार पेठेतली पाच किलोमीटरची शर्यत

पत्र आलं त्या दिवशी बापूसो मगदूमांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर उद्या निवांत लिहू म्हणाले. त्या उद्याला आता अकरा आठवडे होऊन गेले होते.

पत्र नातीचं होतं. दीपा पुण्याला एका कारखान्यात गिअरबॉक्सची चित्रं काढायची आणि संध्याकाळी खोलीवर येऊन संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळायची. साऱ्या जगाला ती फोनवर निरोप धाडत असे. कागदावर पत्र फक्त आज्जाला. कारण फोनवर बापूसो 'हं' म्हणायचे, परत 'हं' म्हणायचे आणि 'आज्जीला देतो' म्हणून मोकळे व्हायचे.

'प्रिय आज्जा,' तिनं लिहिलं होतं, 'यंदा आमच्या लीगमध्ये मी वरच्या गटात गेलेय. पंधरा इंची लॅपटॉपवर आता भागत नाही. पण दोन्हीतलं एकच काहीतरी घेता येईल. डोक्याला लावायचा व्हीआर हेडसेट, नाहीतर अल्ट्रावाइड मॉनिटर. इंटरनेटवर लोक यावरून एकमेकांचे आईबाप काढतायत. पप्पा म्हणतात, दोन्ही नको, हे वय खेळायचं नाही. तुम्ही वाचल्याशिवाय कधी बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी काही घेणार नाही. मोसम पाडव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतोय.'

शेवटून दुसरं वाक्य बापूसोंनी कोर्टाच्या हुकमासारखं वाचलं. त्यांनी चौतीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली होती. कुणी काही विचारलं तर निदान तीन पुस्तकं पाहिल्याखेरीज त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. एकदा एका विद्यार्थ्यानं शेळ्यांच्या जातींबद्दल विचारलं होतं. बापूसोंनी सगळी माहिती टिपून काढली, स्वच्छ अक्षरात उतरवली आणि होस्टेलवर नेऊन दिली, तेव्हा विद्यार्थी परीक्षा देऊन मुरगूडला पोचलाही होता. त्याची खंत त्यांना अजून होती. तो पास झाला होता, हे कळूनही होती.

आता नातीनं विचारलं होतं आणि ती थांबली होती. इकडे बापूसो 'चि. दीपा हिस अनेक उत्तम आशीर्वाद' एवढं लिहून पेन उचलायचे, तिकडे ती पंधरा इंचांत डोळे बारीक करून सरावात वरच्या गटाशी झुंजत असणार, हे चित्र त्यांना दिसायचं. मग ते पेन खाली ठेवून आणखी वाचायचे.

दोनशेपानी वही भरली. हेडसेटमध्ये अंतराची खोली कळते, वळण किती लांब आहे ते नेमकं दिसतं, मान वळवली की वळणाच्या आत बघता येतं. परंतु घाम येतो, चष्मा अडतो आणि काहींना मळमळतं. रुंद पडद्यावर शेजारून घुसणारी गाडी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसते, तासन्‌तास बसता येतं, चहाचा कप कुठं ठेवलाय ते समजतं. परंतु ते अखेर चित्रच, आपण त्याच्या बाहेर. प्रत्येक पानाच्या शेवटी एक 'परंतु' बसलेला होता.

"एक परंतु लिहून पाकिटात घाला आणि धाडून द्या," प्रभावतीबाई म्हणाल्या. "अकरा आठवड्यांत तेवढंच ठरलंय तुमचं. न्हायतर फोन लावा पोरीला."

"फोनवर मला सुचत नाही."

"कागदावर तरी कुठं सुचाय लागलंय?"

हे बोलणं बापूसोंना लागलं. ते उठून फाटकात जाऊन उभे राहिले, आणि तिथंच पुढच्या सगळ्या प्रकाराला सुरुवात झाली, कारण त्याच वेळी समोरून केरबा सुतार येत होता.

केरबाचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड होतं. उद्यमनगरातल्या माणसाला आपली अडचण कधी सांगू नये. आपण सहानुभूतीच्या आशेनं सांगतो आणि तो तिचं माप घेतो.

"काय सर, चेहरा उतरलाय?"

बापूसोंना खोटं सुचायला वेळ लागतो. त्यामुळे खरं सांगून झालं.

"ह्यात वाचण्यासारखं काय हाय?" केरबा म्हणाला. "बसून चालवून बघायचं. दोन्ही. झालं. सीट मी करतो."

"सीट कशाला?"

"मग काय पाटावर बसून गाडी हाणणार?" असं म्हणून त्यानं खिशातून टेप काढला आणि भर रस्त्यात बापूसोंचं कमरेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. समोरच्या गॅलरीतल्या आक्का कपडे वाळत घालायच्या थांबल्या. शिंपी सोडून आजवर कुणी बापूसोंना असं मोजलं नव्हतं, आणि शिंपीसुद्धा पडद्याआड मोजतो.

यंत्रं मिळायला वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाला सम्राटचं फ्लेक्सचं दुकान होतं. मिरवणुकीचे आडवे बॅनर जुळवायला त्यानं एकोणपन्नास इंची, वाकवलेला, गोठ्याच्या दारासारखा आडवा मॉनिटर घेतला होता. ऑर्डर नसली की तो त्याच्यावर शर्यती खेळायचा, त्यामुळे स्टिअरिंग आणि पेडलही त्याच्याकडेच निघाली. दोन घरं सोडून राहणारी संयोगिता घरांची सजावट करून द्यायची. न बांधलेला फ्लॅट गिऱ्हाइकाला आतून फिरवून दाखवायला तिच्याकडे हेडसेट होता. झालं. एक वस्तू सम्राटची, एक संयोगिताची, आणि गाव कोल्हापूर. इथं फुटबॉलच्या मोसमात एका घरात दोन रंगांचे झेंडे लागतात. गल्ली दुपारपर्यंत दुभंगली.

"सम्राटदादा, तुझा पडदा म्हणजे गॅलरीतनं मिरवणूक बघणं," संयोगिता दूध डेअरीसमोर म्हणाली. "माझ्या हेडसेटात माणूस मिरवणुकीत असतोय."

"आणि मिरवणुकीत चक्कर येऊन पडला म्हंजे?"

"पडणाऱ्यांनी गॅलरीतच बसावं."

"सर काय पडणारे वाटले व्हय तुला? सर, सांगा की तिला."

दुधाची पिशवी छातीशी धरून बापूसो दोघांकडे पाहून मान हलवत राहिले. दोन्ही बाजूंनी ती मान आपल्या खात्यात धरली.

चार दिवसांनी केरबाची सीट आली. बापूसोंना वाटलं होतं, खुर्चीसारखं काहीतरी असेल. आठ माणसांनी टेम्पोतून जे उतरवलं ते जुन्या ट्रकच्या ड्रायव्हरची सीट चार इंची लोखंडी चॅनेलवर बसवलेलं, लाल ऑक्साइड मारलेलं एक दणकट प्रकरण होतं. प्लास्टिकचं स्टिअरिंग त्यावर नटबोल्टांनी असं आवळलं होतं, की भूकंप झाला तरी शुक्रवार पेठेत तेवढंच जाग्यावर राहिलं असतं. ते बेचाळीस इंच रुंद होतं. मगदूमांचं दार तीस इंचांचं होतं.

केरबानं दाराकडे कारागिराच्या नजरेनं पाहिलं. "दार कापू या, सर. अर्ध्या तासाचं काम हाय."

प्रभावतीबाई बाहेर येऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. केरबानं टेप परत खिशात घातला.

सीट गल्लीतच राहिली. दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी तिला अडली, तिसऱ्या दिवशी एक वऱ्हाड अडलं. तेव्हा गल्लीच्या तरुण मंडळानं ठरवलं, की सीट मंडळापुढच्या कट्ट्यावर न्यायची आणि पाडव्याच्या संध्याकाळी सरांची जाहीर चाचणी घ्यायची. आधी हेडसेट, मग पडदा. बापूसोंनी 'जाहीर' या शब्दावर हरकत घेतली. ती फारच हळू घेतल्यामुळे कुणाला ऐकू गेली नाही. स्पीकर लावायचा म्हणजे परवानगी हवी, आणि अर्ज लिहायचा म्हणजे सरांसारखं अक्षर कुणाचं आहे, असा प्रश्न निघाला. बापूसो अर्ज घेऊन कचेरीत गेले.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, खण उघडला आणि एक छापील नमुना पुढं सरकवला.

"हा भरा."

बापूसोंनी वाचला. तो बैलगाडा शर्यतीचा होता.

"साहेब, आमच्यात बैल नाहीत."

"ते मलाबी दिसतंय. शर्यत हाय का न्हाय?"

"तशी चाचणी आहे."

"अर्जात तुम्हीच शर्यत लिवलंय. शर्यतीला एवढाच नमुना हाय. दुसरा छापून येस्तोवर थांबताय काय? दोन वर्षं झाली, मागणी गेलीय."

दीपा काही दोन वर्षं थांबली नसती. किंवा थांबली असती, आणि ते तर त्याहून वाईट. बापूसो बाकावर बसून नमुना भरू लागले. नमुना कसाही असो, त्यात खोटं लिहायचं त्यांच्या मनात येईना. 'जनावरांची संख्या व रंग' इथं त्यांनी 'निरंक' लिहिलं. 'चाबूक, काठी अथवा विजेचे उपकरण वापरणार नाही' या हमीवर बराच विचार केला, कारण सगळा खेळच विजेवर चालणारा होता. शेवटी समासात खुलासा जोडला. 'धावपट्टीची लांबी' इथं वहीत पाहून 'पाच किलोमीटर दोनशे मीटर' असा आकडा टाकला.

"पाच किलोमीटर?" कारकुनानं चष्मा वर केला. "शुक्रवार पेठंत?"

"ती आत आहे."

"कशाच्या आत?"

"मॉनिटरच्या. नाहीतर हेडसेटच्या. ते अजून ठरायचंय. त्यासाठीच हे सगळं."

कारकून काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. सरकारी नोकरीत माणूस जेव्हा असा बघतो, तेव्हा तो आपली कीव करतोय की बदली मागायचा विचार करतोय, हे कळत नाही. मग त्यानं एका रकान्यावर बोट ठेवलं. "अर्जदार तथा चालक. हितं सही करा. आणि पशुवैद्यकीय दाखला जोडा."

"पण जनावर..."

"जनावर न्हाय म्हंजे दाखला चालकाचा लागणार. पळणार कोण? तुम्ही. मग तुमचा आणा. धावण्यास तंदुरुस्त हाय म्हणून."

बापूसोंनी आयुष्यात प्रथमच डॉक्टरांकडून धावण्यास तंदुरुस्त असल्याचा दाखला घेतला. डॉक्टरांनी कारण विचारलं आणि त्यांनी ते खरं सांगितलं, म्हणून डॉक्टरांनी रक्तदाब तीनदा मोजला.

परवानगी आली तशी सम्राटनं कट्ट्यावर सीटला लागून फ्लेक्स लावला. दहा बाय पंधरा. 'ज्येष्ठ रेसिंगतज्ज्ञ, आमचे मार्गदर्शक, मा. बापूसो मगदूम सर.' ज्येष्ठ नागरिकाच्या ओळखपत्रावरचा दचकलेला चेहरा हेल्मेटमध्ये बसवला होता आणि मागं आग लागलेली लाल मोटार होती. पुढचे दोन दिवस बापूसो दूध आणायला मागच्या बोळातून गेले.

पाडव्याला कार्यक्रम सहाचा होता. कोल्हापुरात सहा म्हणजे सव्वासात, हे प्रभावतीबाईंना माहीत होतं. आणि मगदूमांच्या घरात सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, हे चार पिढ्यांपासून ठरलेलं होतं. साडेपाचला त्यांनी ताट वाढलं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी.

"थोडंच वाढ," बापूसो म्हणाले. वहीच्या सतराव्या पानावर 'पोट हलके असावे' हे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं.

"एवढ्या लोकांम्होरं गाडी चालवायची आणि उद्या उजाडंपातुर उपाशी ऱ्हायचं? आणि सणाचं पान अर्धं टाकायचं? खावा गप."

सतरावं पान आणि प्रभावतीबाई यांत कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न पडण्याइतके बापूसो संसाराला नवे नव्हते. तीन पोळ्या झाल्या. तिसरी आग्रहाची होती.

सव्वासातला त्यांना सीटवर चढवलं. चढवलंच म्हणायचं, कारण केरबानं ती ट्रकच्या उंचीची केली होती. समोर अख्खी गल्ली, पलीकडच्या दोन गल्ल्या, बाजूला डॉक्टर, आणि मागं, आपण कशाला परवानगी दिली ते बघायला आलेला कारकून. बापूसोंनी माणसं मोजायला सुरुवात केली. रस्ता ओलांडतानासुद्धा आपल्याकडे कोण कोण बघतंय हे मोजणारा माणूस तो. त्या दिवशी त्यांनी साठपर्यंत मोजून सोडून दिलं.

"चष्मा काढा, सर. लांबचं दिसतंय न्हवं तुम्हाला?" असं म्हणत संयोगितानं हेडसेट त्यांच्या डोक्यावर चढवला आणि पट्टा ओढला.

आणि गल्ली गेली.

समोर काळा गुळगुळीत रस्ता होता, दोन्ही बाजूंना हिरवळ, पलीकडे डोंगर, आणि कोवळं ऊन. मान डावीकडे वळवली, तर तिकडेही डोंगर. उजवीकडे वळवली, तर तिकडेही माणूस नव्हता. बापूसोंनी हळूच पाय दाबला. पहिल्या वळणाला गाडी गवतात गेली आणि तिला हसायला कुणी नव्हतं. दुसऱ्या वळणाला त्यांनी वहीत लिहिल्याप्रमाणे मान वळवून वळणाच्या पोटात पाहिलं, आणि काय आश्चर्य, गाडी तिथंच गेली. "आता डावीकडे, मगदूम," ते म्हणाले. "शाबास, मगदूम." हे ते मोठ्यानं म्हणत होते आणि केरबानं माईक त्यांच्या तोंडापाशी धरला होता, हे त्यांना कळण्याचं कारण नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या. एका उतारावर तर ते चक्क गुणगुणले. त्र्याहत्तर वर्षांत आपण इतके सुखात कधी होतो, हे त्यांना आठवेना.

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर कटाच्या आमटीनं आपलं मत नोंदवलं.

बापूसोंनी ब्रेक दाबला. डोंगर थांबले, रस्ता थांबला, पुरण थांबलं नाही. त्यांनी हेडसेट उपसला, उतरायला पाय टाकला तो चुकीच्या बाजूला, आणि पडताना हाताला लागलं ते धरलं. तो फ्लेक्स होता. दहा बाय पंधराचा रेसिंगतज्ज्ञ लाकडी चौकटीतून सुटला आणि खऱ्या बापूसोंना त्यानं डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेतलं. आत जे झालं ते झालं. बाहेरच्यांना फक्त हेल्मेटमधला तो चेहरा तीन-चार वेळा हलताना दिसला.

"हे पुरणानं झालं, हेडसेटनं न्हवं," संयोगिता म्हणाली.

"पडदा असता तर पुरण बसून ऱ्हायलं असतं," सम्राट म्हणाला.

कुणीतरी लिंबू-सोड्याचा ग्लास पुढं केला. बापूसोंनी आभाळाकडे बघून मान हलवली. सूर्य केव्हाच गेला होता.

"आता ऱ्हाऊ दे," डॉक्टर म्हणाले. "माझ्या सहीचा दाखला हाय तिकडं."

बापूसोंना घरी जायचं होतं. गाव सोडून जायचं होतं, खरं तर. पण अर्धं बघून पत्र लिहायचं म्हणजे एकाच पुस्तकावरून उत्तर देणं, आणि तिकडे ती थांबलेली. त्यांनी तोंड पुसलं, प्रभावतीबाईंच्या हातातून चष्मा घेतला आणि परत सीटवर चढले. या वेळी कुणाला चढवावं लागलं नाही.

पडद्यावर तोच रस्ता होता, तेच डोंगर, आणि या वेळी सम्राटनं सोडलेल्या शर्यतीतल्या बाकीच्या गाड्याही. फक्त पडदा कितीही आडवा असला तरी कुठंतरी संपत होता, आणि तो संपला की गल्ली सुरू होत होती. डाव्या कडेला प्रभावतीबाई टॉवेल घेऊन उभ्या. उजव्या कडेला कारकून. "डावीकडं, सर," सम्राटचे लोक ओरडायचे. "उजवीकडं घ्या," संयोगिताचे लोक मुद्दाम ओरडायचे. बापूसो दोघांचंही ऐकत. मागून गाडी आली की ती पडद्याच्या कोपऱ्यात छान दिसायची, आणि ती दिसली की बापूसो सभ्यपणे बाजूला होऊन तिला वाट द्यायचे. एकोणीस गाड्यांना त्यांनी अशी वाट दिली. एकदा तर वळून उलटे निघाले आणि सगळ्यांची समोरासमोर गाठ घेतली. कारकून खुर्चीवर उभा राहून सूचना देऊ लागला. गल्लीला इतकी मजा कुठल्याच पाडव्याला आली नव्हती.

आणि त्या गलक्यात त्यांना दीपा दिसली. आठ वर्षांची, मे महिन्यातली. स्वयंपाकघरात दहा-बारा माणसं, मिक्सर चालू, भांडणं चालू, आणि ती मधोमध पालथी पडून गणितं सोडवतेय. बापूसोंनी तिला उचलून आपल्या खोलीत नेलं होतं, दार लावून दिलं होतं. त्यांच्या मते तो स्वर्ग होता. दहा मिनिटांत ती वही घेऊन बाहेर. "आज्जा, आत कुणीच नाही," म्हणाली होती, तक्रारीच्या सुरात.

गाडी भिंतीवर आदळली. बापूसोंनी स्टिअरिंग सोडलं.

"सर, निकाल?" केरबानं माईक पुढं केला.

"ज्यांनी विचारलंय," बापूसो माईकपासून तोंड लांब नेत म्हणाले, "त्यांनाच लिहून कळवतो." एवढं बोलून ते खाली उतरले, बरोबर बाजूनं.

सकाळी उठून त्यांनी वही न उघडता कागद घेतला.

'चि. दीपा हिस अनेक उत्तम आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. मी दोन्ही वापरून पाहिलं. हेडसेट फार चांगला आहे. तो लावला की जगात आपण एकटेच उरतो. मी दोन फेऱ्या अतिशय सुखात होतो. माझ्यासारख्या माणसानं तोच घ्यावा. तू मॉनिटर घे. तुला दार लावलेल्या खोलीत कधीच काही सुचलं नाही. पडद्यावर शेजारची गाडी दिसते, आणि पडद्याबाहेर खोलीत कोण आलंय तेही दिसतं. तुला दोन्ही लागेल. वडिलांना सांग, आज्जानं स्वतः चालवून पाहिलंय आणि हे वय खेळायचं आहे, असं त्याचं मत आहे.'

खाली त्यांनी 'माझं चुकलं असलं तर कळव, मला वाईट वाटणार नाही' असं लिहिलं. पण दुसरा अर्धा भाग खरा नव्हता, म्हणून तेवढा खोडला.

पोस्टाच्या पेटीपर्यंत तीन जणांनी अडवलं. आक्का गॅलरीतून म्हणाल्या, "काय लिवलंयसा?" सम्राट म्हणाला, "सर, नुसती मान हलवा." संयोगितानं पाकीट उजेडात धरता येतं का ते पाहिलं. बापूसोंनी ते सदऱ्याच्या आत घातलं आणि चालत राहिले. पेटीपाशी आल्यावर मात्र पाय थांबले. पडद्याची उंची किती असावी ते लिहायचं राहिलंच. टेबलाची खोली तिनं मोजलीय का? आणि 'हे वय खेळायचं आहे' हे जरा जास्तच ठाम तर झालं नाही? आज घरी न्यावं, दोन ओळी घालाव्यात, उद्या निवांत...

पोस्टमन पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होता. सगळी मिळून सात निघाली.

"टाकताय का हातात धरून बसताय, पावणं?" तो म्हणाला. "पिशवी बांधायची हाय मला."

बापूसोंनी हात पिशवीत घातला. बाहेर काढला तेव्हा तो रिकामा होता. त्यांनी तो नीट उलटा-सुलटा करून पाहिला, आणि पोस्टमन लांब जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.